संपर्कासाठी नाव

कारखान्याच्या मळीमिश्रित पाण्याने ओढ्यातले मासे मेले, म्हणून गावच्या बायकांनी वर्तमानपत्रांसाठी पत्रक लिहिलं. खाली संपर्कासाठी एकीचं नाव, नंबर हवा होता. कुणी पुढे येईना, तेव्हा गौरम्माने आपलं नाव, नंबर दिला. तिचा मुलगा शिवकुमार त्याच कारखान्यात बॉयलरवर होता. सोलापुरात पत्रक देऊन परतताना एसटीतच फोन वाजला. "शिवकुमार तुमचाच की?" अनोळखी आवाज मऊ होता. "बॉयलरपाशी जपून ऱ्हा म्हणावं." तिने मुलाला फोन लावला, त्याने उचलला नाही. तेवढ्यात वार्ताहराचा आला. "मावशी, बातमी उद्या लागतेय. घाबरत असाल तर नाव काढतो." "ऱ्हाऊ द्या. आत्ता धमकी आली, तीबी लिवा." मग शिवकुमारचाच फोन आला. "अव्वा, काय झालं?" "तसाच भाइर ये. गेट ओलांडेपर्यंत फोन ठिवू नगंस." ती त्याची पावलं ऐकत राहिली.