आपल्यातलं हृदय

दुसऱ्याचं हृदय बसवून अणदूरला परतल्यापासून वीरप्पांनी एकही गोळी चुकवली नव्हती. तरी तपासणीला गेल्यावर रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली.

"रक्तातले मायक्रोआरएनए वाढलेत, काका. म्हणजे पेशींच्या चिठ्ठ्याच समजा. तुमच्या पांढऱ्या पेशी एकमेकींना सांगतायत, आत परकं कुणी आलंय, हाकला. तुमच्याकडून काही चुकलं का?"

"न्हाय," वीरप्पा खाली बघत म्हणाले.

ऑपरेशननंतर शुद्धीवर येताच त्यांनी नर्सला हळूच विचारलं होतं, "हे आपल्यातल्याचंच हाय नव्हं?" ती सलाइनची बाटली बदलून निघून गेली होती. घरी आल्यावर त्यांनी लिंगायत रीतीनं गळ्यात बांधलेलं इष्टलिंग उजवीकडं सरकवलं, त्या हृदयाला टेकू नये म्हणून. हे बायकोलाही सांगायची त्यांना लाज वाटत होती.

दुपारी जेवून ते आडवे झाले आणि छातीत आवाज सुरू झाला. दोन ठोके, मग शांतता. पुन्हा दोन ठोके. कुणी दाराची कडी वाजवून वाट पाहावी तसं.

"उमा, जरा ऐक गं."

"आता काय नवीन काढलं तुम्ही," म्हणत उमादेवींनी हसत छातीला कान लावला.

हसू विरलं. बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. मग लगबगीनं मागं सरल्या, डोक्यावर पदर घेतला आणि वीरप्पांच्या छातीकडं बघत, दाराआडून अनोळखी पाहुण्याशी बोलावं तसं अदबीनं म्हणाल्या,

"मालक घरात न्हाईत."