लानव्हेरिनची उत्तरेकडची भिंत

भर दुपारी पुरुषोत्तमराव खिडक्यांचे पडदे ओढू लागले, तशा प्रतिमाताई कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "अहो, अर्विंगचं एवढं ऊन फुकट चाललंय बाहेर!"

"वेल्समध्ये आत्ता संध्याकाळ आहे. ऑनलाइन मीटिंग सुरू होईल."

"देवळात कधी हात जोडले नाहीत, आणि आता परमुलखातलं चर्च!"

लेकीकडे टेक्सासमधल्या अर्विंगला राहायला आल्यापासून साताऱ्याचे हे रिटायर्ड इंजिनिअर लानव्हेरिन नावाच्या वेल्श खेड्यातल्या चर्चच्या प्रेमात पडले होते. तेराव्या शतकातलं बांधकाम, जाडजूड दगडी भिंती, वर ओकचं छत. इंटरनेटवरचे फोटो बघून त्यांनी पाणी कुठून मुरतंय ते कळवलं, आणि चर्च जपणाऱ्या मंडळाने त्यांना सामावून घेतलं.

मंडळ फक्त गावकऱ्यांसाठी होतं. "टेकडीपलीकडे राहता ना?" असं मंडळातल्या ग्वेनने विचारलं, तेव्हा त्यांच्या तोंडून "हो" निघून गेलं. तेव्हापासून जीव टांगणीला. खरं कळलं तर मंडळ सुटणार, आणि अमेरिकेत त्यांची वाट बघणारी माणसं तेवढीच होती.

आजही स्क्रीनवर ग्वेन, ओवेन आणि मिसेस प्राइस हे तिघं नेहमीसारखे अंधाऱ्या खोल्यांत बसले होते. फोटोत उत्तरेकडची भिंत फुगलेली दिसत होती. ओवेनला तिथे सिमेंट हवं होतं.

"सिमेंटने ओल कोंडेल, भिंत आतल्या आत कुजेल!" पुरुषोत्तमराव उसळले. "चुनाच हवा."

"मग उद्या तुम्हीच आत जाऊन हात लावून बघा," अध्यक्ष मिसेस प्राइस म्हणाल्या. "तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

पुरुषोत्तमराव घाईघाईने म्हणाले, "ओवेनला जवळ पडेल."

ओवेन म्हणाला, गुडघा धरलाय. ग्वेन म्हणाली, मेंढ्या व्यायला झाल्यात. प्रतिमाताईंनी दारातून हाताने खूण केली, सांगून टाका एकदाचं.

"माफ करा," ते म्हणाले. "मी टेक्सासला असतो. तुमचं गाव मी कधी पाहिलेलंही नाही. पण ती भिंत मला माझी वाटते."



"मी टोरांटोत असते," ग्वेन हळूच म्हणाली. "गाव सुटलं तेव्हा लहान होते. मेंढ्याबिंढ्या काही नाहीत."

ओवेनने मागचा पडदा सारला. लख्ख ऊन आत आलं. "फ्लोरिडा," तो म्हणाला, आणि तिघंही पोट धरधरून हसले. मग सगळ्यांनी मिसेस प्राइसकडे पाहिलं.

"सिडनी," त्या ओशाळून म्हणाल्या. मग एकदम ताठ बसल्या. "पण मग चर्चची किल्ली कोणाकडे आहे?"