पांढरी गौर

तेरड्याची गौर आणायला बायका डोंगरावर आल्या आणि झाडं बघून थबकल्या. कंपनीच्या यंत्रमाश्यांनी रातोरात फुलाफुलातला गुलाबी रंग शोषून नेला होता.

“औषध रंगातच असतं, त्यानं शहरातली माणसं तरुण राहतात,” कंपनीचा पहारेकरी हसला. “पांढरा तेरडा न्या की, फुकट!”

“आग लागो त्या तारुण्याला!” शलाका कडाडली. “पांढरी गौर घरात घ्यायची? अपशकुन!”

तिची विधवा अनसूयाकाकू, जिला गौरीला शिवू देत नसत, मागून पुढं आली.

“शलू, माझं कुंकू पुसलंत तेव्हा तुमच्यातली एकही अशी कडाडली नाही!”

तिनं पांढरा तेरडा मुळासकट उपटला आणि लेकरासारखा छातीशी धरला.

“हिला मी नेते. बघू कोण अडवतंय!”