तुझंच पातेलं

पलीकडच्या मलय मुसलमान बाळंतिणीला, रोहानाला, दूध येत नव्हतं. पोर दोन दिवस टाहो फोडत होतं. चिनी म्हाताऱ्या गेक नेओला ते ऐकवेना. याच रोहानानं गेल्या वर्षी तिनं पाठवलेलं सार न चाखता परत केलं होतं. चिन्यांच्या भांड्यात डुक्कर शिजतं म्हणून. ‘मिजास बघा बाईची!’ म्हणत गेक नेओ वर्षभर फणफणत होती. आज मात्र मासा आणि कच्ची पपई घेऊन ती थेट रोहानाच्या स्वयंपाकघरात घुसली. ‘पातेलं तुझंच दे, सुरीही तुझीच. म्हणजे बाटायची नाहीस.’ ‘आंटी, माझ्यासाठी कशाला...’ ‘तुझ्यासाठी कोण मरतंय? पोरगं झोपू देत नाही मला!’ सार उकळलं. रोहानानं वाडगा तोंडाला लावला आणि तळापर्यंत रिकामा केला. गेक नेओनं नाक मुरडलं. ‘एका वाडग्यानं पान्हा फुटत नाही. आठवडाभर तुझं थोबाड बघणं आलं नशिबी!’