चौथं घोडं

कॅनडाहून दक्षिण आफ्रिकेत बोअरांशी लढायला आलेल्या त्या पलटणीत एक रिवाज होता. दर चौघांतल्या तिघांनी उतरून लढायचं, चौथ्यानं चारही घोडी धरून मागं थांबायचं. आज चौथा होता एल्मर.

"मजा आहे लेका तुझी!" टेकडी चढता चढता कॉर्मक म्हणाला. "झोपू नकोस म्हणजे झालं."

भर दुपारी टेकडीपलीकडचा गोळीबार थांबला. परत कुणीच आलं नाही.

मग कॉर्मकच्या घोड्याची रिकामी रिकीब ताणली गेली. खोगीर करकरलं आणि वजन पडावं तशी घोड्याची पाठ किंचित खचली. पाठोपाठ दुसऱ्याची. तिसऱ्याची.

घोडी बिचकली नाहीत. ओळखीच्या स्वाराखाली उभी राहावीत, तशी उभी राहिली.

"चला मग," एल्मर पुटपुटला आणि स्वतःच्या घोड्याकडे वळला.

त्याही घोड्याची पाठ आधीच खचलेली होती.