तळ हलणार नाही

प्रतापदादांनी पेन पुढे केलं, पण ज्ञानदानं ते घेतलं नाही. पेढे आणलेत, आधी देवापुढे ठेवते म्हणाली आणि आत वळली.

खरं तर तिला जरा वेळ हवा होता. कोलोराडोतले अवकाश दलाचे तळ बंद होणार, दुसऱ्या राज्यात जाणार, ही आवई वर्षभर उठत होती. ते वाचवायला राज्यानं समिती नेमली आणि तिच्यावर घेतलं कोणाला, तर चक्क आपल्या प्रतापदादांना. पेढे त्याचेच. दादांनी लगेच रविवारी सकाळी कोलोराडो स्प्रिंग्समधली यच्चयावत मराठी मंडळी घरी गोळा केली. वॉशिंग्टनला पाठवायचं पत्र टेबलावर तयार होतं: आमची घरं इथं आहेत, आम्ही कुठंही जाणार नाही. एकानं जरी दारात विक्रीची पाटी लावली तरी वॉशिंग्टनवाल्यांना तळ हलवायला आयतं कारण मिळेल, असं दादा प्रत्येकाला बजावत होते.

ज्ञानदाचा नवरा राकेश त्यातल्याच एका तळावर कामाला. कंपनीनं त्याला अलाबामात जागा देऊ केली होती आणि हो की नाही ते उद्यापर्यंत कळवायचं होतं. नाही म्हटलं आणि इथला तळ बंद पडला, तर तेलही गेलं, तूपही गेलं. राकेश म्हणजे भोळा सांब. दादा एवढं छातीठोक सांगतायत ना, मग नाही कळवून टाकतो, म्हणून मोकळा झाला होता. ज्ञानदाला मात्र ते छातीठोकपणच खटकत होतं. इतकी खात्री आहे, तर हा माणूस सह्यांसाठी इतका घायकुतीला का आलाय?

देवघर म्हणजे जिन्याखालचं कपाट. पडदा सारला आणि ती बघतच राहिली. चौरंग रिकामा. बाळकृष्ण नाही, अन्नपूर्णा नाही, समईसुद्धा नाही.

मागून दादांच्या बायको, शरयूवहिनी, लगबगीनं आल्या. देव घासायला काढलेत म्हणाल्या आणि पेढ्यांचा बॉक्स तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

ज्ञानदानं भिंतीकडे पाहिलं. सप्तशृंगीच्या तसबिरीच्या जागी नुसता खिळा होता.

"तसबीरपण घासायला काढलीत, वहिनी?"

वहिनी कोरडेच हात ओढणीला पुसत राहिल्या.

वहिनींच्या देवांना दुसऱ्या कुणी हात लावायची सोय नव्हती. नाशिकहून निघाल्या तेव्हा विमानभर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डेन्व्हरचं घर सोडून इथं आल्या तेव्हाही देव आदल्या दिवशी आले, सामानाचा ट्रक दुसऱ्या दिवशी. तेव्हा चहाचा थर्मास घेऊन ज्ञानदाच आली होती. देव आधी, माणसं मागून, ही या घराची रीत.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकांच्या दारात पाटी नको आणि स्वतःचे देव पुढच्या घरी! तिथंच उभ्या उभ्या तिनं राकेशला मेसेज टाकला: नाही म्हणू नकोस.

बाहेर दादा नीनाला समजावत होते. नीना पुण्याची, इथं येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. तिचा नवराही तळाचंच काम करणाऱ्या कंपनीत होता आणि उद्या दोघं घराच्या कागदांवर सह्या करणार होते. बिनधास्त घ्या, घर घ्यायचा हाच काळ आहे, असं दादा म्हणत होते. नीना माना डोलावत होती. आता पत्रावर सही करायला तिनं पेन उचललं.

ओरडून सांगावं असं ज्ञानदाला वाटलं. पण सांगणार काय? भिंतीवर एक खिळा पाहिला म्हणून? दादा हसण्यावारी नेतील आणि बाकीचे म्हणतील, हिला मेलीला पहिल्यापासूनच संशयाची खोड.

ती नीनाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. हळूच तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"उद्या घर घेतेयस ना, नीना?" ती म्हणाली, पण बघत होती दादांकडे. "मग आधी आत जाऊन देवांना नमस्कार करून ये. सही काय, नंतर कर."