दिरहमवरचा ओरखडा

"ओरखडा कुठे गेला?" केरूने बनवलेलं नाणं उलटंपालटं करत विभावरीने विचारलं.

शारजाच्या प्रदर्शनासाठी त्याने हजार वर्षांपूर्वीच्या चांदीच्या दिरहमची हुबेहूब नक्कल केली होती, फोटो बघून. अरबी अक्षरं, वरची कडी, सगळं. फक्त मधला उभा-आडवा ओरखडा तेवढा गाळला होता. विट्याकडचा चांदीचा कारागीर ओरखडा पडलेला माल गिऱ्हाइकाच्या हातात देतो होय?

"अहो केरूभाऊ, तोच तर मेन पॉइंट आहे!" प्रदर्शनाचं काम बघणारी विभावरी कपाळाला हात लावून म्हणाली. "हा दिरहम व्यापारात पार उत्तरेला गेला, व्हायकिंग लोकांकडे. ते तेव्हा नुकते ख्रिश्चन होत होते. त्यांच्यातल्या कुणीतरी याला कडी लावून लॉकेट केलं आणि वर क्रॉस कोरला. परक्या गोष्टी त्यांच्या कलेत कशा शिरल्या, हेच तर दाखवायचंय. उद्या सकाळी नेते, प्लीज."

ती गेली. केरूने कोरणी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. अल्लाचं नाव असलेल्या नाण्यावर क्रॉस, तोही अरबांच्या मुलखात, देऱ्याच्या बाजारात बसून! कुणाला खटकलं तर व्हिसा खलास, दुसऱ्या दिवशी विमानात. तो फोटो घेऊन उठला.

दुकानाचे मालक खैरुद्दीनचाचा रत्नागिरीचे, कुराणामुळे अरबी वाचता येणारे. केरूने फोटो त्यांच्यापुढे सरकवला. "चाचा, मला अरबी येत नाही. नाव कुठलं तेवढं दाखवा. ते सोडून कोरतो."

चाचांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं, मग एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ. पण याला तर रेघ लागलेलीच नाही."

केरू भिंग घेऊन वाकला. रेघ वरून सरळ येत होती. अक्षर आलं की कडेने वळत होती, पुढे सरकून पुन्हा वळत होती. एकाही अक्षराला तिचा धक्का नव्हता.

"हा क्रॉस कोरणाऱ्याला अरबी येत असेल, चाचा?"

"छे. कुठून येणार?"

"म्हणजे नाव कुठलं ते कळेना, म्हणून बिचाऱ्याने सगळीच अक्षरं चुकवली."

चाचांनी फोटो केरूकडे परत सरकवला. मग म्हणाले, "कोर. त्याने कोरलंय तस्संच."

केरूने कोरणी चांदीवर टेकवली.

"अरे, हात थरथरतोय तुझा."

"थरथरू दे, चाचा," केरू म्हणाला. "त्याचाही थरथरला असेल. हुबेहूब येईल."